रनर बीनला फुलं भरपूर, पण शेंगा का धरत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडात रेडिंगला घराच्या मागच्या अंगणात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीला लागून दोन कुंड्यांत 'स्कार्लेट एम्परर' जातीचे रनर बीन लावले आहेत. वेल जूनमध्ये भराभर वर गेले, जुलैभर लालभडक फुलं आहेत, पण शेंग म्हणून धरत नाही. रोज सकाळी खाली फुलांचा सडा. फुलांवर दोन वेळा पाणी फवारून झालं, खतही घालून झालं. शेजारच्या कुंडीत वालपापडीचा वेल आहे, त्याला तर अजून कळीसुद्धा नाही. काय चुकतंय?

तुमची मेहनत कुठेच कमी पडलेली नाही. चूक एकच आहे, आणि आपल्याकडून आलेल्या बहुतेकांची ती होते. तुम्ही रनर बीनला वाल समजून वाढवताय. मी मूळची चिपळूणची, लेस्टरला अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, घेऊन आता सतरा वर्षं झाली, आणि पहिले तीन उन्हाळे मीही हेच केलं. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल होतात. वरून पाणी नाही, दिवसभर ऊन, आणि तरी शेंगांनी लगडलेले. ते चित्र डोळ्यांत पक्कं बसलेलं असतं. म्हणून इंग्लंडात आल्यावर 'शेंगवर्गीय वेल' म्हटलं की आपण अंगणातली सगळ्यात उबदार, सगळ्यात कोरडी जागा शोधतो आणि तिथे त्याला नेऊन लावतो. रनर बीनला नेमकी तीच जागा नको असते.

हा वेल मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातला, समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर उंचीवरचा. तिथे दिवसा ऊन असलं तरी रात्री गार, हवेत धुकं आणि पायाखाली पालापाचोळा कुजून झालेली ओली, भुसभुशीत माती. तिथे तो बहुवर्षायू आहे. जमिनीत कंद धरतो आणि दर वर्षी त्यातून पुन्हा फुटतो. इंग्लंडात तो सतराव्या शतकात आला तो फुलांसाठी, बागेच्या शोभेचा वेल म्हणून. शेंगा खाण्याची चाल पडली ती पुढे अठराव्या शतकात, आणि त्याचं श्रेय सहसा लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डन या औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर याला दिलं जातं. हे सांगायचं कारण एवढंच की फुलं येणं ही या वेलाची सहजवृत्ती आहे. फुलं भरपूर आली म्हणजे वेल सुखात आहे असं समजू नका. सुखात आहे की नाही ते शेंग धरते का यावरून कळतं.

आता तुमच्या भिंतीकडे येऊ. विटांची दक्षिणाभिमुख भिंत दिवसभर तापते आणि ती ऊब रात्रभर सोडत राहते. टोमॅटोला, मिरचीला हे वरदान आहे. रनर बीनला शाप. दिवसाचं तापमान २५ अंशांच्या बरंच वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही, तर त्याचं फलन बिघडतं. फूल उघडतं, पण आत पुढे काही घडत नाही, आणि तीन-चार दिवसांत ते देठासकट गळतं. २०२२ चा जुलै आठवा. १९ तारखेला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, या देशातला आजवरचा उच्चांक. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या अलॉटमेंटवर, तीस-तीस वर्षं बीन लावणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वाफ्यांतही, फुलांचे लाल गालिचे पडले होते. माझ्या एका ओळीवर मात्र थोड्या शेंगा टिकल्या. ती ओळ एका जुन्या सफरचंदाच्या सावलीत होती, दुपारी तीननंतर तिथे ऊन नसायचं. त्या वर्षापासून माझे बीन तिथेच असतात.

दुसरी गोष्ट पाणी. तुम्ही लिहिलंय की 'रोज पाणी घालते, माती वरून ओली दिसते'. एकदा कुंडीत बोट नव्हे, अख्खी पहार किंवा लांब चमचा खाली घालून पाहा. माझा अंदाज असा की वरचे दोन इंच ओले आणि खाली भुगा असेल. आठ फुटी वेल, त्याला तळहाताएवढी शेकडो पानं. उन्हाच्या दिवशी तो जेवढं पाणी ओढतो तेवढं रोजच्या एका झारीत भागत नाही. फुलं लागल्यापासून जमिनीतल्या वेलांना कोरड्या हवेत दर तीन-चार दिवसांनी चौरस मीटरला ५ ते ९ लिटर पाणी लागतं. कुंडीला तर उन्हाळ्यात रोज, आणि खालून निथळेपर्यंत. थोडं-थोडं रोज घालण्यापेक्षा भरपूर आणि सावकाश घाला: एक झारी, दहा मिनिटं थांबा, मग दुसरी. सुकलेलं कुंडीतलं कंपोस्ट पहिलं पाणी आत घेतच नाही, कडेकडेने ते खाली पळून जातं, आणि आपल्याला वाटतं कुंडी भरली.

फुलांवर पाणी फवारल्याने शेंगा धरतात हा समज इथल्या जुन्या माळ्यांमध्ये फार घट्ट आहे. तुम्हालाही शेजारच्या आजोबांनीच सांगितलंय. त्यांच्या इतर सगळ्या सल्ल्यांना मान द्या, हा सोडून द्या. फवारणीने शेंगा वाढल्याचं दिसत नाही. फवारायला जेवढा वेळ आणि पाणी जातं तेवढं मुळाशी ओतलं तर फरक पडेल.

खताबद्दल. तुम्ही घातलेलं खत लॉनच्या गवतासाठीचं, म्हणजे नत्र जास्त असलेलं आहे. रनर बीनच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून त्याला देतात. वरून आणखी नत्र दिलं की वेल पानांच्या मागे लागतो. ते खत आजच बंद करा. कुंडीत आहे म्हणून आठवड्यातून एकदा टोमॅटोचं द्रव खत द्या, त्यात पोटॅश जास्त असतं. जमिनीत असते तर तेही लागलं नसतं.

आता मधमाशांचा भाग. हा मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा रेंगाळते.

रनर बीनचं फूल फरसबीसारखं नाही. फरसबी, म्हणजे आपला श्रावण घेवडा, फूल उघडायच्या आधीच स्वतःचं स्वतः परागीभवन उरकून टाकतो. रनर बीनचं फूल वाट पाहतं. एक फूल तोडून हातात घ्या. वर उभी पाकळी, तिच्याखाली दोन पंख, आणि पंखांच्या मधोमध शंखासारखी वळलेली एक बारीक नळी. पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत गुंडाळलेले असतात. आता डाव्या पंखावर बोटाने हलकेच दाबा. नळीच्या तोंडातून पांढरट, केसाळ, वळलेलं टोक बाहेर येतं. बोट उचललं की पुन्हा आत. त्या टोकावरचे केस पराग झाडून बाहेर आणतात आणि अगदी टोकाला असतो तो स्त्रीकेसराचा माथा. बोटाचं हे काम निसर्गात बम्बलबी करते, ती गुबगुबीत, केसाळ, मोठ्याने गुणगुणणारी माशी. पंखावर तिचं वजन पडतं, टोक बाहेर येऊन तिच्या अंगाला घासतं, आणि मागच्या वेलावरून आणलेले पराग तिथे चिकटतात. मूळ देशात हमिंगबर्डही या फुलांवर येतात. लाल रंग त्यांच्यासाठीच असावा असं मला नेहमी वाटतं.

पण सगळ्या बम्बलबी सारख्या नसतात. लांब जिभेच्या जाती समोरून, रीतसर येतात. आखूड जिभेच्यांना तळाचा मध पोचत नाही, म्हणून त्या फुलाच्या मागच्या बाजूला बसून बुडाशी भोक पाडतात आणि तिथून मध पितात. अशा वेळी पंख दाबला जात नाही आणि फूल तसंच राहतं. एकदा भोक पडलं की साध्या मधमाश्याही त्याच वाटेने येतात. म्हणजे वेलावर माश्या घोंघावताना दिसतात, आपण खूश होतो, आणि शेंग धरत नाही. उद्या खाली पडलेली दहा फुलं उचला आणि देठाजवळ, हिरव्या वाटीच्या जरा वर बघा. टाचणीच्या डोक्याएवढं, कडा तपकिरी झालेलं भोक दिसलं तर चोरी झाली आहे. भोक नसेल, फूल अखंडच गळालेलं असेल, तर कारण उष्णता किंवा पाणी. हे पाहून मला कळवा, अंदाजाने बोलण्यापेक्षा ते बरं.

चोरी होत असेल तर चोरांना हाकलू नका, त्याही तुमच्या बागेच्याच आहेत. लांब जिभेच्यांना बोलवा. त्यांना मे-जूनपासून खायला हवं असतं: फॉक्सग्लव्ह, कॉम्फ्री, लव्हेंडर, हनीसकल. रनर बीन फुलायच्या आधीच त्यांची वाट तुमच्या अंगणात पडली पाहिजे. पुष्कळजण बीनच्याच मांडवावर स्वीट पी चढवतात. दिसतं सुंदर आणि माश्याही येतात, पण स्वीट पीच्या बिया विषारी असतात आणि त्याच्याही शेंगाच असतात. घरात लहान मुलं शेंगा तोडायला येत असतील तर ते करू नका.

अंगण चारी बाजूंनी कुंपणाने बंद असेल आणि माश्या येतच नसतील तर सकाळी लवकर, दहाच्या आत, बोटाने पंख दाबत एक फेरी मारा. दोन वेलांना पाच मिनिटं लागतात. एका वेलावरून दुसऱ्यावर जा, कारण परका पराग मिळाला तर शेंग जास्त चांगली धरते. आणि एक अपेक्षा आधीच बांधून ठेवा. एका तुऱ्यावर वीसेक फुलं येतात आणि त्यांतल्या पाच-सहांच्या शेंगा झाल्या तरी तो तुरा यशस्वी. बाकीची गळणारच.

आज जुलै संपतोय, तर या वर्षाचं काय? वेल उपटू नका. कुंड्यांना चाकं असतील, नाहीतर दोघांनी मिळून, त्या भिंतीपासून निदान मीटरभर पुढे ओढा. वेल भिंतीवरच्या जाळीला बांधलेत, ते जमणार नसेल तर कुंडी तरी झाका: बाहेरून पुठ्ठा किंवा पोतं गुंडाळा, समोर दोन-तीन ठेंगण्या कुंड्या ठेवा म्हणजे तिच्यावर थेट ऊन येणार नाही. मातीवर दोन इंच कंपोस्टचं किंवा पेंढ्याचं आच्छादन. पाणी संध्याकाळी, वर सांगितलं तसं. वेल जाळीच्या टोकाला पोचले असतील तर शेंडे खुडा. पानांच्या खालच्या बाजूलाही बघा. तापलेल्या कोरड्या भिंतीशी लाल कोळी हमखास येतो. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली अगदी पुसट जाळं. त्याच्यासाठी मात्र पानांच्या मागून पाणी मारण्याचा उपयोग होतो. शेंड्यांवर काळा मावा असेल तर बोटांनी चिरडून टाका, औषध नको, फुलांवर माश्या आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून रात्री गार होऊ लागतात, आणि जुलैत हट्ट धरून बसलेले वेल तेव्हा एकदम शेंगा द्यायला लागतात. सप्टेंबरभर तुम्हाला भाजी मिळेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

वालाची गोष्ट वेगळी आहे. त्याला उष्णता कमी पडत नाहीये, तुमच्या भिंतीशी तो मजेत आहे. त्याला हवी आहे लांब रात्र. आपल्याकडे पावसाळ्यात लावलेला पापडीचा वेल दिवस लहान होऊ लागल्यावर, दिवाळीच्या सुमाराला फुलावर येतो. रेडिंगला २१ जूनला दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि तो बारा तासांवर येतो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा कुठे वेलाला कळ्या धरायचा निरोप मिळतो. फुलं दिसेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, थंडी पडते, आणि काचघर नसेल तर सगळा खेळ संपतो. वेल जोमात असून कळी नाही, त्याचं कारण हे. पुढच्या वेळी दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेले झुडुपी वाण शोधा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' त्या प्रकारचे आहेत. फक्त बी सामानातून आणू नका. परदेशातून लागवडीचं बी आणायला इथे आरोग्य प्रमाणपत्र लागतं. इथल्याच अधिकृत विक्रेत्यांकडे दिवसाच्या लांबीला न बांधलेला वाल विचारा, आणि तोही पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात, किंवा काचघरात वाढवा.

पुढच्या वर्षासाठी. अंगणात मातीचा पट्टा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर कुंड्यांचा नाद सोडा. कुंडीच हवी असेल तर 'हेस्टिया' नावाची बुटकी जात घ्या, ती दीड फुटापलीकडे जात नाही. उंच जातींना जमीन लागते, आणि जमिनीची तयारी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायची असते. फावड्याच्या एका पात्याएवढा खोल आणि दीड-दोन फूट रुंद चर खणा. हिवाळाभर त्यात भाज्यांची सालं, चहाचा चोथा, फाडून भिजवलेली वर्तमानपत्रं, पुठ्ठे घालत राहा आणि प्रत्येक थरावर थोडी माती ओढा. मी जुने सुती पंचे आणि विरलेल्या चादरीही फाडून घालते, शंभर टक्के सुती असतील तर. शिजवलेलं अन्न नको, उंदीर येतात. मार्चमध्ये उरलेली माती वर ओढून चर बंद करायचा. मेपर्यंत तो खचतो आणि आत काळा, ओला स्पंज तयार होतो. जुलैच्या उन्हात वेलाला तो जे पाणी देतो ते तुमच्या-माझ्या झारीने होणं नाही. अलॉटमेंटवर माझ्या शेजारच्या वाफ्यातला वेल्श गृहस्थ याला 'बीनची गादी' म्हणायचा, आणि ती घातल्याशिवाय त्याचा ख्रिसमस सुरू होत नसे.

बी एप्रिलच्या शेवटी घरात, उंच कागदी नळ्यांत किंवा खोल कुंडीत, दोन इंच खोल लावा. बी हातात घेतलं की थोडं थांबून बघाच. जांभळट गुलाबी, त्यावर काळे शिंतोडे, अंगठ्याच्या पेराएवढं. कोरेगावचा वाघ्या घेवडा पाहिलेल्या माणसाला ते बघून आपल्याकडचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं, जरी हे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं आणि जात वेगळी असली तरी. उगवताना फरसबी आपल्या दोन डाळिंब्या, म्हणजे बियांच्या दोन फोडी, जमिनीवर घेऊन येते. रनर बीन त्या खालीच ठेवतो आणि सरळ कोंब वर पाठवतो. याचा एक फायदा आहे. गोगलगायींनी कोंब खाल्ला तरी खालच्या डाळिंब्यांजवळच्या डोळ्यातून कधीकधी दुसरा फुटतो. म्हणून कुंडी लगेच रिकामी करू नका, दहा दिवस थांबा.

रोपं बाहेर लावायची घाई मात्र करू नका. एका वर्षी मे महिन्याची १२ तारीख होती, आठवडाभर छान ऊन होतं, मी चोवीस रोपं जमिनीत लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे हिमकण पडले. सकाळी पाहिलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लिबलिबीत. एकही रोप वाचलं नाही. आता मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागात, मी मेच्या शेवटच्या आठवड्याआधी हात लावत नाही. तुम्ही दक्षिणेला आहात, तुम्हाला मेच्या मध्यानंतर चालेल, पण रोज रात्रीचा हवामानाचा अंदाज बघून. आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री आत, अशी सरावाची करून घ्या. आणि जूनच्या मध्यावर चार-सहा बिया थेट जमिनीत टोचून ठेवा. हा दुसरा हप्ता ऐन गारव्यात फुलावर येतो आणि पहिल्यापेक्षा जास्त भरवशाचा निघतो.

मांडवासाठी आठ फुटी बांबू, एक ते दीड फूट जमिनीत गेलेच पाहिजेत. ऑगस्टमध्ये वेल पानांनी भरला की तो शिडासारखा वारा धरतो आणि पावसाळी रात्री अख्खा मांडव आडवा होतो. दोन ओळींत दोन फूट अंतर, बांबू अर्धा-पाऊण फुटावर, डोक्यावर जोडून सुतळीने आडव्या बांबूला घट्ट बांधलेले. जागा कमी असेल तर आठ बांबूंचा गोल तंबू करा. प्रत्येक बांबूला एक रोप. वेलाचं टोक पहिल्यांदा बांबूला लावून द्यावं लागतं. तो ज्या बाजूने वळतोय त्याच बाजूने वळवा. उलटा गुंडाळलात तर रात्रीतून स्वतःला सोडवून घेतो.

जातींबद्दल माझं स्पष्ट मत आहे. 'स्कार्लेट एम्परर' चवीला उत्तम, पण उष्ण, बंदिस्त अंगणात ती तुम्हाला रडवेल. तिथे 'मूनलाइट' लावा. पांढऱ्या फुलांची ही जात रनर बीन आणि फरसबी यांच्या संकरातून आली आहे आणि फरसबीचा स्वतःचं स्वतः फळण्याचा गुण तिच्यात आहे, त्यामुळे माश्या कमी असल्या तरी आणि उन्हातही शेंगा धरते. लाल फुलं हवीच असतील तर तिच्याच गोतातली 'फायरस्टॉर्म'. फुलांसाठी म्हणून एक-दोन वेल 'पेंटेड लेडी'चे लावा, लाल-पांढरी फुलं, बघत राहावं अशी.

शेंगा धरायला लागल्या की दर दोन दिवसांनी तोडा. वीतभर लांब, वाकवली की कट्कन मोडणारी, आत बी हाताला न लागणारी. एक जरी शेंग वेलावर जून झाली तरी वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि फुलं कमी होतात. आपल्या लोकांची इथे नेहमी पंचाईत होते, कारण मुलांच्या सुट्ट्या आणि गणपती, दोन्ही याच दिवसांत. भारतात जाणार असाल तर शेजाऱ्यांना अंगणाची किल्ली द्या आणि 'जेवढ्या तोडाल तेवढ्या तुमच्या' असं सांगून जा. परत याल तेव्हा वेल फुलावर असेल.

भाजीसाठी दोन्ही कडांच्या शिरा नीट काढा, कोवळ्या दिसल्या तरी. मग तिरक्या, अगदी पातळ चिरा. शेंगेचं साल खरखरीत, लवदार असतं, जाड तुकडे केले तर ते जिभेला लागतं. मोहरी, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या, पातेल्यावर पाण्याचं झाकण, आणि शिजत आल्यावर ओलं खोबरं, किंचित गूळ. गोडा मसाला मी घालत नाही, शेंगेची स्वतःची हिरवी चव त्यात बुडते.

हंगामाच्या शेवटी हाताबाहेर जून झालेल्या शेंगा टाकू नका. वेलावरच वाळू द्या, बिया काढून ठेवा आणि हिवाळ्यात उसळ करा. पांढऱ्या बियांच्या जातींची उसळ सगळ्यात छान होते. ग्रीक दुकानात 'गिगांतेस' नावाने मिळतात ते मोठे पांढरे बीन या वेलाचेच. पण एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. या बिया कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कधीही खाऊ नयेत. राजम्यासारखंच त्यांत विषारी द्रव्य असतं, पोट भयंकर बिघडतं. आपण वालाचं बिरडं करताना मोड आणतो, सोलतो. मोड आणल्याने हे विष जात नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा, किंवा सरळ कुकरला लावा. स्लो कुकरमध्ये थेट घालू नका, तो पुरेसा तापत नाही. भिजल्यावर पांढऱ्या बियांची सालं चिमटीत दाबली की सुटतात, आणि ओलं खोबरं, कोकम, जिरं-लसणाचं वाटण घालून केलेल्या त्या उसळीला आमच्या घरी बिरड्याचीच जागा मिळाली आहे.

पहिल्या हिमाने वेल काळे पडले की मुळं उपटू नका. जमिनीलगत कापा, गाठींसकट मुळं तिथेच राहू द्या, त्यातलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं. एखादा कंद बघायची हौस असेल तर एकच वेल खणून काढा. ओलसर वाळूत, हिम न लागणाऱ्या जागी ठेवला तर तो मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा फुटतो आणि बियांच्या रोपांच्या आधी फुलावर येतो. त्याच आठवड्यात नवा चर खणायला घ्या. आधी एक काठी घेऊन दुपारी तीन वाजता अंगणात उभ्या राहा, सावली कुठवर पोचते ते बघा, आणि तिथे काठी रोवा. चर तिथे, भिंतीपासून निदान दीड मीटर दूर.